खंडेनवमीनंतरची काडतुसं

माझी मुलगी आमच्या तळघरात काडतुसं भरायला लागली तेव्हा मी आधी आरडाओरडा केला, मग अबोला धरला, आणि दोन्हींचा काही उपयोग होत नाही हे कळल्यावर तिला म्हटलं, मला पण शिकव. लोकांना वाटतं मला त्यात रस होता. रस कसला डोंबलाचा! घरात स्फोट व्हायचाच असेल तर तो कुठून आणि कसा होणार, हे मला आधी माहीत असायला हवं होतं, एवढंच.

आम्ही ओहायोत, डब्लिनला राहतो. मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली. फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे गुडघे वाकवून देते. हॉस्पिटलातल्या एका मैत्रिणीबरोबर ती एकदा शूटिंग रेंजवर गेली, आणि तिथून परत आलीच नाही म्हणायला हरकत नाही. वर्षभरात तिचं स्वतःचं पिस्तूल आलं, कमरेचा पट्टा आला, रविवारच्या मॅचेस सुरू झाल्या. मी एकाही मॅचला गेले नव्हते. बोलावलं की माझं काहीतरी दुखायचं. नवरा मूळचा नागपूरचा, आणि त्याचं एकच म्हणणं असतं, "अगं, काही होत नाही." गाडीचा टायर फुटल्यापासून स्वतःच्या बायपासपर्यंत सगळ्याला त्याने हे एकच वाक्य वापरलंय.

पिस्तुलाची मी कशीबशी सवय करून घेतली. ते तिजोरीत असायचं, दिसायचं नाही. पण मग तिने त्या खेळातल्या एका रिटायर्ड माणसाकडून जुनं सामान आणलं. दांड्याने दाबायचा एक हिरवा लोखंडी प्रेस, डबे, बाटल्या, आणि एकाच पारड्याचा, दांडीचा एक छोटासा तराजू. दुकानातल्या गोळीचा झटका तिच्या मनगटाला सोसत नाही, स्वतः भरली तर हवी तशी हलकी भरता येते, असं तिने मला समजावलं. मी विचारलं, "आणि चुकून जास्त भरली तर?" ती म्हणाली, "देन यू डोन्ट मेक दॅट मिस्टेक, आई."

हे उत्तर ऐकून मला जो घाम फुटला तो मी अजून विसरलेले नाही.

काम तसं सोपं असतं, आणि तेच मला भयंकर वाटायचं. गोळी झाडल्यावर पितळेची रिकामी पुंगळी उडून पडते. ती गोळा करून आणायची, धुवायची, प्रेसमध्ये घालून मूळच्या मापाला आणायची. तिच्या बुडात प्रायमर नावाची मसुराच्या डाळीएवढी टोपी बसवायची. बंदुकीचा घोडा याच टोपीवर आपटतो आणि ठिणगी पडते. मग आत मोजून पावडर घालायची, म्हणजे बंदुकीची दारू. वरून शिशाची गोळी बसवायची, पुन्हा एकदा दाबायचं, की झालं काडतूस. चार वस्तू आणि एक दांडा. एवढ्याशा कामात माणसाचा डोळा जाऊ शकतो, बोटं जाऊ शकतात, आणि हे सगळं माझ्या वॉशिंग मशीनपासून दहा हातांवर चाललेलं.

पहिल्या दिवशी मी माझ्या चष्म्यावर तिने दिलेला दुसरा मोठा चष्मा लावून बसले. अंगात सुती कुर्ता, कारण नायलॉनच्या कपड्याने ठिणगी उडते असं मी कुठेतरी वाचलं होतं. तिने प्रायमर कसा बसवायचा ते दाखवलं आणि दांडा माझ्या हातात दिला. दांडा खाली ढकलताना मी डोळे मिटून घेतले.

"आई, ओपन युवर आइज."

"उघडेच आहेत."

"नो, दे आर नॉट."

मी डोळे उघडले, दांडा दाबला, टोपी आत बसली. काही झालं नाही. मला रडू आलं. ती हसली नाही, एवढं तिचं मोठेपण. बाजूला उभी राहून म्हणाली, "ओके, नेक्स्ट."

तिचे नियम कडक होते आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचे. टेबलावर फोन नाही, गाणी नाहीत, गप्पा नाहीत. चहा तर अजिबात नाही, कारण त्या सगळ्यात शिसं असतं, आणि उठलं की हात कोपरापर्यंत धुवायचे. एका वेळी टेबलावर एकच पावडर. पावडर घातलेल्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्याच्या भोकांत ओळीने उभ्या करायच्या आणि गोळी बसवण्याआधी टॉर्च मारून एकेकीच्या पोटात वाकून बघायचं, कुणाला दोनदा मिळाली नाही ना, कुणी उपाशी राहिली नाही ना. दोनदा मिळाली तर पिस्तूल फुटतं. उपाशी राहिली तर गोळी नळीतच अडकते, आणि तिच्यामागून दुसरी झाडली तरी पिस्तूल फुटतं. जास्त झालं तरी फुटणार, काहीच नसलं तरी फुटणार. या छंदाला माझ्या पोरीने विरंगुळा म्हणावं?

पण या नियमांमुळेच मी टिकले. मी एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो, आणि घरी तेच काम मी फुकट करते असं नवऱ्याचं मत आहे. तराजूचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. पावडर राखाडी, खसखशीएवढी बारीक. दांडीवरचं सरकतं वजन हव्या आकड्यावर लावायचं, पावडर चमच्याने पारड्यात घालायची, दांडीचा काटा बरोबर रेषेवर येईपर्यंत चिमटीने एकेक कण सोडायचा, मग पुंगळीत ओतायची. मुलगी शेजारी बसून गोळ्या बसवायची. ती पहिल्या पहिल्यांदा माझं प्रत्येक वजन तिच्या छोट्या डिजिटल काट्यावर पुन्हा करून बघायची. काही आठवड्यांनी तिने ते सोडलं. "यू आर बेटर दॅन मी," असं म्हणाली. मी तीन लोकांना फोन करून हे सांगितलं.

भीती मात्र गेली नाही. रविवारी ती मॅचला गेली की परत येईपर्यंत मी ओटा पुसत राहायचे. माझ्या हातची काडतुसं तिच्या हातात फुटत असायची, तिच्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर. घरी आली की मी आधी तिची बोटं बघायचे, मग जेवायला वाढायचे.

अशात खंडेनवमी आली.

माझ्या वडिलांचं कोल्हापुरात छोटं वर्कशॉप होतं, दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन. वर्षभर ती मशीन त्यांच्या शिव्या खायची, पण खंडेनवमीला त्यांना आंघोळ असायची. रॉकेलने पुसून लख्ख करायची, झेंडूची माळ घालायची, तेलात कालवलेलं कुंकू बोटाने लावायचं आणि त्यावर अक्षता चिकटवायच्या. त्या दिवशी कुणी मशीनला हात लावायचा नाही. ज्याच्यावर पोट आहे आणि ज्याच्यात बोट जाऊ शकतं, त्याच्यापुढे वर्षातून एकदा वाकायचं, असा त्यातला भाव. मी अमेरिकेत येऊन इतकी वर्षं झाली, पण खंडेनवमी चुकवलेली नाही. गाडी, लॅपटॉप, मिक्सर, विळी, सगळ्यांना हळदकुंकू. ऑफिसच्या लॅपटॉपलाही लावते आणि मीटिंगच्या आधी पुसते.

मग तळघरातल्या त्या टेबलाला कसं वगळणार? खरी शस्त्रपूजा म्हणावी अशी एवढी एकच गोष्ट होती घरात. आणि मनातलं सांगायचं तर मला तिची गरज होती. या लोखंडाने माझ्या मुलीला काही करू नये, हे मी कुणाला तरी सांगायला पाहिजे होतं.

मुलगी कामावर होती, नवरा त्याच्या आईला भेटायला नागपूरला गेलेला. मी अगदी विचार करून पूजा केली. पावडरची बाटली आणि प्रायमरचे डबे आधी कपाटात बंद केले. खाली दिवा लावला नाही, उदबत्ती लावली नाही. निरांजन जिन्याच्या वरच्या पायरीवरूनच ओवाळलं. तेलाचा थेंब प्रायमरला लागला तर तो मरतो असं मुलीने शिकवलं होतं, म्हणून कुंकू तेलात न कालवता पाण्यात कालवलं, चांगलं घट्ट. प्रेसला बोट लावलं, त्यावर अक्षता. तराजूला लावताना पारड्याच्या आतली बाजू तर खराब करायची नाही, म्हणून पारडं उचललं आणि खालून, बुडाला, मोठा टिळा लावला. त्यावर अक्षता दाबल्या. कुंकू लावताना हात आखडता घ्यायचा नाही असं आमच्याकडे आहे. पारडं जागेवर ठेवलं, झेंडू मिळाले नव्हते म्हणून अंगणातली पिवळी शेवंती वाहिली, आणि नमस्कार केला.

संध्याकाळी मुलीने प्रेसवरचं कुंकू बघितलं. "आई, सीरियसली?" म्हणाली, पण फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. फुलं काढून ठेवली, प्रेस पुसला. पारड्याखाली बघायचं तिला काही कारणच नव्हतं.

त्या शनिवारी मंडळाची कोजागिरी होती आणि मसाला दूध माझ्याकडे होतं. दुपारी आम्ही दोघी खाली बसलो. दर वेळी सुरुवातीला रिकाम्या पारड्याने काटा शून्यावर आहे का ते मी बघते. त्या दिवशी तो नव्हता, पारडं जरा जड वाटत होतं. तराजूच्या पायाशी एक स्क्रू असतो, तो फिरवून मी काटा शून्यावर आणला, आणि आपल्याला हे किती सहज जमायला लागलंय म्हणून स्वतःवर खूश झाले. पारडं जड का झालं, हा प्रश्न मला पडला नाही. ऑफिसमध्ये कुणी असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

मग मी तोलत गेले आणि ती गोळ्या बसवत गेली. संपल्यावर काटा पुन्हा शून्यावर तपासायचा, असाही नियम होता. तिने विचारलंच, "झिरो चेक?"

"सुरुवातीला केला ना! दूध आटवायचंय मला अजून."

"ओके," ती म्हणाली, आणि काडतुसं डब्यांत भरली.

रविवारी ती उजाडताच निघून गेली. मी पोळ्या केल्या, ओटा पुसला, आणखी काही पुसायला उरलं नाही तेव्हा खाली गेले. तिथला मोठा चष्मा सवयीने लावला आणि तराजू झाकून ठेवायला पारडं उचललं. खाली, काळ्या पायावर, लाल रंगाची एक खपली पडली होती; तोलताना माझी नजर काट्यावरून हललीच नव्हती. तिच्यात तांदळाचे दाणे होते.

पारडं उलटं केलं. अर्धा टिळा जागेवर होता, अर्धा गळून पडला होता. वडिलांचं तेलातलं कुंकू दिवाळीपर्यंत हलायचं नाही. माझं पाण्यातलं वाळलं आणि सुटलं.

मला कळायला थोडा वेळ लागला. मी तिथल्या स्टुलावर बसले. टिळ्यासकट मी शून्य लावलं होतं. त्यानंतर केव्हातरी टिळा पडला, पारडं हलकं झालं. पुढच्या प्रत्येक वेळी काटा रेषेवर यायला पारड्यात तेवढी जास्त पावडर लागली, आणि ती मी हौसेने, कण कण मोजून घातली. दांडीवरचं वजन शून्यावर आणून रिकामं पारडं परत ठेवून बघितलं, ते वर उचललं गेलं. तराजू तोंडावर सांगत होता, काय केलंस बाई. खपली केव्हा पडली? पहिल्या पुंगळीनंतर की शेवटच्या आधी? आणि डब्यांत सगळी एकत्र झालेली. पावडर इतकी नखभर असते की तिच्यात तांदळाच्या दोन-तीन दाण्यांचं वजन वाढणं म्हणजे चेष्टा नाही.

फोन केला. तिचा फोन मॅचच्या वेळी गाडीत असतो. पुन्हा केला, पुन्हा केला, मेसेज टाकले, "गोळी झाडू नकोस" असं लिहिलं, मग तेच इंग्रजीत. कुणी वाचत नव्हतं. नवऱ्याला फोन करावा असं एकदा मनात आलं, पण तो काय म्हणाला असता ते मला माहीत होतं, आणि ते ऐकून मी फोन भिंतीवर फेकला असता.

रेंज तासाभराच्या अंतरावर, पार खेड्यात. मी हायवेवर उजवी, सावकाश गाड्यांची लेन न सोडणारी बाई आहे. त्या दिवशी मी ट्रकना मागे टाकत गेले. हायवे सोडल्यावर दोन्ही बाजूंना कापलेल्या मक्याची शेतं, मध्येच एखादं चर्च आणि त्याच्यापुढे गाड्याच गाड्या. पुढे एक संथ ट्रॅक्टर लागला आणि मी त्याच्यामागे हॉर्न वाजवत मराठीत जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, तिचा उजवा हात. बाळ असताना त्या हाताने माझं मंगळसूत्र ओढायची. देवाला मी काही कबूल केलं नाही, तेवढं सुचलंच नाही. फक्त "नको, नको, नको" म्हणत होते.

आवाज आधी आले. काच बंद असूनही ते येत होते, एकामागून एक. प्रत्येक आवाजाला मी सीटवर दचकत होते, आणि मध्ये जरा शांतता झाली की जास्तच घाबरत होते. गाडी कशी लावली ते आठवत नाही. मातीचे उंच बांध घालून वेगवेगळे कप्पे केले होते आणि प्रत्येकात लोक उभे होते. मी धावत होते, एकीकडून दुसरीकडे, चष्म्यावर चष्मा, अंगात घरातला गाऊन आणि त्यावर नवऱ्याचं जाकीट. तिसऱ्या कप्प्यात ती दिसली, पाठमोरी. तिची वेणी ओळखली. तिच्या मागे एक दाढीवाला पंच टायमर धरून उभा होता, आणि ती हात खाली सोडून थांबली होती.

टायमर वाजला, तिने पिस्तूल काढलं.

मी ओरडले, "थांब! झाडू नकोस! पावडर जास्त झालीय!" सगळं मराठीतच. तिथे एका माणसाला त्यातला शब्द कळला नसणार. पण पंचाने तत्क्षणी हात वर करून "स्टॉप!" म्हटलं, आणि आवाज झाला नाही.

ती वळली नाही. माझा आवाज तिने ओळखला होता, तिचे खांदे ताठ झालेले मला दिसले. पण हातात भरलेलं पिस्तूल असताना मागे वळायचं नाही. पाठ माझ्याकडे तशीच ठेवून, पंच सांगेल त्या क्रमाने तिने ते रिकामं केलं, त्याला आतून दाखवलं, कमरेला लावलं. या सगळ्याला किती वेळ लागला असेल? मला तो वेळ सरताच सरेना. तिच्या त्या पाठीकडे बघत मी उभी होते आणि ती धड आहे की नाही हे मला कळत नव्हतं. मग ती वळली. मी आधी बोटं बघितली. सगळी होती. मग डोळे.

मी मातीतच बसकण मारली.

मॅचमधली एक फेरी आधीच झाली होती. तिने माझी काडतुसं तीत झाडली होती. पंचाने तिच्या पुंगळ्या मागवल्या. ती तिच्या पुंगळ्यांना निळी खूण करते, म्हणून सापडल्या. त्याने त्या तळहातावर घेऊन उलट्या केल्या. काहींचे प्रायमर दाबून सपाट झाले होते, आणि एकीच्या बुडाजवळ पितळ एका बाजूने फुगलं होतं. तो फुगवटा त्याने अंगठ्याने चाचपला, आणि माझ्याकडे न बघता तिला सांगितलं की आज घरी जा, आणि या डब्यातलं एकही पिस्तुलात घालू नकोस. पुढचं एखादं इथेच फाटलं असतं, असंही म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

तिच्या गाडीची डिकी उघडून आम्ही दोघी तिथे बसलो. मी तिला पारडं, कुंकू, सगळं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती आपला उजवा हात चोळत होती. अंगठा आणि बोटाच्या मधली कातडी लालभडक झाली होती.

"झटका लागत होता का?" मी विचारलं.

"येस. अ लॉट."

"केव्हापासून?"

"मधूनमधून. फर्स्ट मॅगझिनपासून."

"मग थांबली का नाहीस?"

तिने तळहात उलटा करून बघितला. मग म्हणाली, "आय थॉट इट वॉज मी. माझी ग्रिप चुकतेय असं वाटलं."

"अगं, पण पिस्तूल सांगत होतं ना तुला!"

"दुकानातले राउंड्स असते तर थांबले असते, आई. पण हे तू तोलले होते."

मी तिच्याकडे बघत राहिले. माझी घाबरट, कटकटी, तपास-तपास करणारी आई, तिने तोललंय म्हणजे बरोबरच असणार, असा तिचा हिशेब होता. हाताला आग होत असताना तिने त्या हातावर शंका घेतली, माझ्यावर घेतली नाही. इतकी वर्षं हेच तर हवं होतं मला! आईचं ऐकावं, आईवर भरवसा ठेवावा. तिने ठेवला, आणि त्यानेच तिची बोटं गेली असती. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण मी हात जाकिटाच्या खिशात घालून बसले.

आठवडाभर आम्ही ती काडतुसं फोडली. त्यासाठी एक प्लास्टिकची हातोडी असते, तिच्यात काडतूस अडकवून जमिनीवर आपटायचं, की गोळी सुटी होते. पहिल्यांदा मला ते आपटवेना. तिने आपटलं, मी पावडर तोलली. बरोबर भरलेली थोडी निघाली, बाकी सगळी जास्तीची. ती सगळी पावडर आम्ही टाकून दिली. पारडं मी गरम पाण्याने धुतलं, आणि पुन्हा धुतलं.

मला वाटलं होतं ती आता मला त्या टेबलाजवळ फिरकू देणार नाही. खरं तर तशी आशाच होती. पण शनिवारी तिने जिन्यावरून हाक मारली, "आई, येतेस ना?" मी सुती कुर्ता चढवला आणि खाली गेले.

मी तोललं. काटा रेषेवर आला. तिने पुंगळी पुढे केली. मी पारडं मागे घेतलं.

"तुझ्या काट्यावर कर."

"यू जस्ट डिड इट, आई. झिरो पण चेक केलास. मी पाहिलं ना."

"तू कर."

"आई, इट्स ओके. आय ट्रस्ट यू."

मी टेबलावर हात आपटला. प्रायमर असलेल्या टेबलावर हात आपटणारी मी बाई! "नको ठेवूस ट्रस्ट! माझ्या हातची आमटी डोळे मिटून खा, मी आजारपणात देईन ते औषध डोळे मिटून घे. इथे मी केलंय म्हणून बरोबर असेल असं परत मनात आणलंस तर बघ. मी चुकते. मी तुझी आई आहे आणि मी चुकते, कळलं?"

तिने कपाटातून तिचा डिजिटल काटा काढला, सुरू केला, माझ्या हातातून पारडं घेऊन त्यातली पावडर त्यावर तोलली. बरोबर होती. पुंगळीत ओतली. पुढचीही बरोबर होती. त्याच्या पुढचीही. दर वेळी मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते, ती खरंच आकडा वाचतेय की माझं मन राखायला नुसतं करतेय, ते.

मग एकदा ती थांबली. काट्याकडे बघितलं, पुन्हा बघितलं. चिमटा घेतला आणि पावडरचे दोन-चार कण काढून बाटलीत परत टाकले.

"थोडी जास्त होती," ती म्हणाली.

मी पुढची पुंगळी घेतली आणि तिला म्हटलं, "बरं केलंस."